सीपीआर : परिचारिकेला ठाऊक असलेले आणि तिच्या हातांना जमणारे

शुश्रूषाशिक्षिका

नमस्कार. रुग्णालयात दाखल असलेल्या माणसाचे हृदय अचानक बंद पडते, तेव्हा त्याच्या खाटेजवळ सर्वांत आधी पोहोचते ती बहुतेक वेळा परिचारिका. डॉक्टर दुसऱ्या विभागात असतात, शस्त्रक्रियेत गुंतलेले असतात किंवा जिना चढून येत असतात. तोपर्यंत जे काही करायचे ते तिनेच करायचे असते. विजेचा शॉक देऊन सुधारता येईल अशा हृदयाच्या लयबिघाडात सीपीआर (छाती दाबून आणि श्वास देऊन रक्ताभिसरण चालू ठेवण्याचा उपाय) सुरू झाला नाही, तर रुग्ण जगण्याची शक्यता दर मिनिटागणिक साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटत जाते. परिचारिकांना सीपीआर शिकवणे हे माझे रोजचे काम आहे. लेखी परीक्षेत दिसणारे ज्ञान आणि मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) दिसणारे हात यांच्यातली तफावत या धाग्यात मांडावी, असे पुष्कळ दिवस मनात होते.

वर्गात प्रश्न विचारले तर उत्तरे भराभर येतात. मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रौढ रुग्णात किमान ५ सेंटिमीटर पण ६ पेक्षा जास्त नाही इतकी खोली, ३० दाबांमागे २ श्वास, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ देणे, दर २ मिनिटांनी दाब देणारी व्यक्ती बदलणे, हे सगळे बहुतेकींना तोंडपाठ असते. त्याच परिचारिका खोली आणि वेग मोजणाऱ्या मॅनिकिनवर हात ठेवतात, तेव्हा पडद्यावरचे चित्र मात्र पुष्कळदा वेगळे निघते.

नेमके काय होते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. पहिले ३० दाब चांगले जातात. मिनिटभराच्या आसपास कोपर किंचित वाकू लागतात, खांदे हातांच्या सरळ वर न राहता मागे सरकतात, आणि जोर कमरेतून येण्याऐवजी दंडांतून येऊ लागतो. खोली साडेचारवर, मग चारवर येते. त्याच सुमारास दुसरी चूक शिरते, ती म्हणजे तळहाताची टाच छातीवर टेकलेलीच राहते आणि शरीराचा भार पूर्ण उचलला जात नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हात वरखाली होताना दिसतात, परंतु छाती पूर्ण वर येत नसते. छाती वर येते तेव्हाच आतला दाब कमी होऊन शिरांमधले रक्त हृदयात परतते आणि हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांनाही रक्त मिळते. त्यामुळे अर्धवट सोडलेली छाती म्हणजे पुढच्या दाबात बाहेर ढकलायला रक्तच कमी. हे सारे करणारीला जाणवत नाही, कारण थकल्याची जाणीव दाब उथळ झाल्यानंतर बऱ्याच वेळाने होते. २ मिनिटांनी हात बदलण्याचा नियम याच कारणाने आला आहे. ‘मी अजून थकले नाही’ असे म्हणून तो मोडू नये.

हा दोष एखाद्या वॉर्डाचा किंवा फक्त परिचारिकांचा नाही. शिकागो विद्यापीठाच्या रुग्णालयात ६७ रुग्णांवर केलेल्या सीपीआरची यंत्राने नोंद घेऊन २००५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या ५ मिनिटांचे ३० सेकंदांचे तुकडे पाडून तपासले, तेव्हा चतुर्थांशाहून अधिक तुकड्यांत वेग ९० च्या खाली होता, तिसऱ्या हिश्श्याहून अधिक तुकड्यांत खोली त्या वेळच्या शिफारशीपेक्षा कमी होती, आणि सुमारे ६० टक्के तुकड्यांत श्वास मिनिटाला २० पेक्षा जास्त दिले जात होते. ही सगळी मंडळी प्रशिक्षित होती.

बाहेरून छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याची पद्धत कॉवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा यासाठी फक्त दोन हात लागतात, असे त्यांनी लिहिले होते. त्याच वर्षी नॉर्वेचे ऑस्मुंड लेर्दाल यांचा सरावाचा पुतळा बाजारात आला. म्हणजे हे नुसते सांगून येणारे काम नाही, हे अगदी सुरुवातीपासून ओळखले गेले होते. तरीही आपण आजसुद्धा बराच वेळ स्लाइड दाखवण्यात घालवतो, मॅनिकिन शेवटच्या अर्ध्या तासात काढतो आणि एकेका परिचारिकेच्या वाट्याला दोनतीन मिनिटे येतात.

त्यानंतर मिळणारे प्रमाणपत्र बहुधा २ वर्षे चालते. हातांचे कौशल्य मात्र ३ ते ६ महिन्यांत ओसरू लागते, आणि पाठ केलेल्या माहितीपेक्षा ते लवकर ओसरते. म्हणूनच लेखी चाचणीत उत्तम गुण मिळवणारी परिचारिका स्वतःच्या हातांविषयी प्रामाणिकपणे निर्धास्त असते. तिचा हा विश्वास खोटा नसतो, त्याला फक्त कोणी मोजून पाहिलेले नसते.

आपापल्या विभागांत सराव कसा होतो, किती वेळा होतो आणि त्यात हात मोजले जातात का, हे इथल्या परिचारिकांनी आणि डॉक्टरांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

रात्रपाळी

ताई, तुम्ही लिहिलेले सगळे पटले, परंतु वॉर्डात काम करणारी म्हणून आणखी काही जोडते. मॅनिकिन जमिनीवर किंवा टेबलावर असतो आणि रुग्ण गादीवर असतो. मी पाच सेंटिमीटर दाबले असे मला वाटते, त्यातले काही गादीच खाऊन टाकते. हवेची गादी असेल तर ती आधी मोकळी करावी लागते, आणि त्यासाठीची झडप नेमकी कुठे आहे हे पाळीवरच्या प्रत्येकीला माहीत असतेच असे नाही. पाठीखाली घालायची फळी ट्रॉलीच्या मागे अडकवलेली असते. ती काढून रुग्णाला कुशीवर वळवेपर्यंत दाब थांबलेले राहतात.

दुसरी अडचण उंचीची आहे. मी ठेंगणी आहे. खाट वर केलेली असेल, तर माझे खांदे रुग्णाच्या छातीच्या सरळ वर येतच नाहीत, मग कोपर वाकणारच. खाट खाली घेणे किंवा पायाखाली स्टूल घेणे या गोष्टी प्रशिक्षणात एका वाक्यात उरकल्या जातात, परंतु प्रत्यक्षात खोली बिघडण्याचे ते मोठे कारण असते.

आणि रात्रीचे काय? दोघी परिचारिका असताना एक दाब देऊ लागली की दुसरीने मदत मागायची, ट्रॉली ओढायची, अ‍ॅम्बू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) लावायची, शिवाय बाकीच्या रुग्णांकडेही पाहायचे. अशा वेळी २ मिनिटांनी हात बदलणार कोण? ही आमची तक्रार नाही, ही वस्तुस्थिती आहे, आणि ती सरावातही यायला हवी. सरावाला आम्ही आठजणी असतो, प्रसंगाला दोघी असतो.

भूलतज्ज्ञ

चांगला विषय काढलात. दाबांवर पुरेसे लिहिले गेले आहे, म्हणून मी श्वासांवर लिहितो.

सीपीआर चालू असताना मी खोलीत शिरतो, तेव्हा सर्वांत आधी अ‍ॅम्बू बॅग धरलेल्या हाताकडे पाहतो. श्वासनलिकेत नळी असलेल्या प्रौढ रुग्णाला दर ६ सेकंदांनी एक, म्हणजे मिनिटाला १० श्वास पुरतात. बॅग धरलेली व्यक्ती मात्र घाबरलेली असते, आणि घाबरलेला हात स्वतःच्या श्वासाच्या वेगाने बॅग दाबत राहतो. मिनिटाला ३० श्वाससुद्धा सहज जातात. प्रत्येक श्वासाने छातीतला दाब वाढतो आणि हृदयाकडे परतणारे रक्त अडते; म्हणजे एकजण जीव तोडून रक्त पुढे ढकलत असते आणि डोक्याशी उभी असलेली व्यक्ती नकळत तेच रक्त रोखत असते. यावर उपाय साधा आहे. बॅग धरणाऱ्याने मोठ्याने एक ते सहा आकडे मोजावेत, आणि छाती जेमतेम उचललेली दिसेल इतकीच बॅग दाबावी. पूर्ण बॅग पिळायची नसते.

श्वासनलिकेतल्या नळीला कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र जोडलेले असेल, तर ते दाबांचाही हिशेब देते. आकडा १० मिलिमीटर पाऱ्याच्या वर जात नसेल, तर आधी दाबांची खोली, वेग आणि देणारी व्यक्ती तपासावी. तो एकदम उसळला, तर हृदय पुन्हा सुरू झाले असण्याची शक्यता असते. अतिदक्षता विभागातल्या परिचारिकांना हा आकडा दिसत असतो, पण त्यावरून ‘हात बदला’ असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे असे त्यांना वाटत नाही. याचा दोष मी आम्हा डॉक्टरांकडे देतो.

अधिकाराचाच मुद्दा डीफिब्रिलेटरच्या (हृदयाला विजेचा शॉक देणाऱ्या यंत्राच्या) बाबतीत अधिक गंभीर आहे. २००८ मध्ये अमेरिकेतल्या ३६९ रुग्णालयांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. शॉकची गरज असलेल्या रुग्णांपैकी सुमारे ३० टक्क्यांना तो २ मिनिटांच्या आत मिळाला नव्हता. उशीर झालेल्यांपैकी सुमारे २२ टक्के जिवंत घरी गेले, तर वेळेत शॉक मिळालेल्यांपैकी सुमारे ३९ टक्के. डॉक्टर येऊन पडदा पाहीपर्यंत थांबायचे अशी प्रथा असेल, तर सामान्य वॉर्डात २ मिनिटांची मर्यादा पाळणे जवळपास अशक्य आहे. लय ओळखून स्वतः सूचना देणारे स्वयंचलित यंत्र किंवा लय ओळखण्याचे प्रशिक्षण, यांपैकी एक आणि त्यासोबत शॉक देण्याची लेखी मुभा परिचारिकेला असलीच पाहिजे.

एका बाबतीत मात्र तुमच्याशी माझा थोडा मतभेद आहे. हातांवर भर देताना ज्ञानाला दुय्यम ठरवू नका. पहिल्या दाबाआधी एक निर्णय असतो आणि तो ज्ञानावरच उभा असतो. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटे रुग्ण अधूनमधून आचके दिल्यासारखा तोंडाने हवा ओढतो. तो श्वास नव्हे. पण ‘श्वास चालू आहे’ असे समजून सीपीआर लांबवला जातो. नाडीचेही तसेच आहे. मानेवर बोटे ठेवून १० सेकंदांत खात्रीने नाडी लागली नाही, तर शोधत बसू नये, दाब सुरू करावेत. हे ज्याला पक्के माहीत नाही, त्याचे हात कितीही चांगले असले तरी ते उशिरा पोहोचतात.

शुश्रूषाशिक्षिका

डॉक्टर, तुमचा आक्षेप मान्य आहे. लेखी परीक्षेत ‘खोली किती’ असे विचारले जाते. ‘हा रुग्ण आचके देतो आहे, आता काय कराल’ असे क्वचितच विचारले जाते. म्हणजे ज्ञान तपासण्याचीही आपली पद्धत बदलायला हवी. काही सेकंदांची चित्रफीत दाखवून निर्णय विचारणे मला अधिक योग्य वाटते.

रात्रपाळी, तुझा दोघींचा मुद्दा मी वहीत लिहून घेतला. गादीबद्दल सांगते. फळी शोधण्यासाठी दाब थांबवू नयेत. मदत आल्यावर पहिल्या हातबदलाच्या वेळी ती सरकवता येते. छाती दाबून उभा केलेला रक्तदाब काही सेकंदांच्या खंडानेही कोसळतो, आणि तो पुन्हा उभा राहायला बरेच दाब द्यावे लागतात. म्हणून एकूण वेळेपैकी किमान ६० टक्के आणि जमल्यास ८० टक्के वेळ दाब चालू असावेत, असे धरले जाते. खंड कशासाठी घेतला आणि किती घेतला, हे सरावात घड्याळ लावून पाहिले की सगळ्यांचेच डोळे उघडतात.

जिज्ञासूवाचक

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, म्हणून प्रश्न बाळबोध असेल तर सांभाळून घ्यावे. माणसाचे हात थकतात हे उघड आहे, तर छाती दाबणारे यंत्रच का वापरत नाहीत? आणि इतक्या जोराने दाबल्यावर बरगड्या मोडत नाहीत का?

भूलतज्ज्ञ

प्रश्न बाळबोध अजिबात नाही. अशी यंत्रे आहेत. रुग्णाला हलवताना, किंवा सीपीआर फार लांबतो तेव्हा त्यांचा उपयोग होतो. पण मोठ्या चाचण्यांत नित्याच्या वापराने जगणाऱ्यांचे प्रमाण हातांच्या सीपीआरपेक्षा वाढलेले दिसले नाही. शिवाय यंत्र आणून रुग्णाला बसवेपर्यंतची मिनिटे हातांनीच काढायची असतात.

बरगड्या मोडतात, विशेषतः वयस्कर रुग्णांत. कटकन आवाज येतो तेव्हा नवखी व्यक्ती दचकते आणि पुढचे दाब उथळ देऊ लागते. अशा वेळी हातांची जागा उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) खालच्या अर्ध्या भागावरच आहे ना, एवढे पाहावे आणि त्याच खोलीने चालू ठेवावे. हे आधी सांगून ठेवले नाही, तर त्या आवाजाने भलेभले थबकतात.

बालविभाग

लहान मुलांचे काही लिहिले गेले नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. मुलांमध्ये हृदय सहसा श्वास बिघडल्यामुळे बंद पडते, त्यामुळे श्वास देणे तिथे टाळता येत नाही. दोन प्रशिक्षित व्यक्ती असतील, तर १५ दाबांमागे २ श्वास हे प्रमाण आहे; खोली छातीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे तान्ह्या बाळात सुमारे ४ सेंटिमीटर. बाळाची छाती दोन्ही हातांनी वेढून दोन अंगठ्यांनी दाबावी. जन्मतःच श्वास न घेणाऱ्या बाळाचे प्रमाण पुन्हा वेगळे, ३ दाबांमागे १ श्वास. प्रौढांच्या वॉर्डातून आमच्याकडे बदलून आलेल्या परिचारिका ३० आणि २ या सवयीने चालतात, आणि तिथे हातांपेक्षा ज्ञानच कमी पडते. मोठ्या माणसाचा मॅनिकिन वापरून केलेला सराव आम्हाला अपुरा आहे, एवढे प्रशिक्षकांनी लक्षात ठेवावे.

निवृत्तमेट्रन

अनेक वर्षे पाहिलेली एक गोष्ट इथे लिहाविशी वाटते. सीपीआरच्या चाचणीला परिचारिका घाबरतात, आणि त्याचे कारण अज्ञान नसते. सर्वांसमोर एकीला पुढे बोलवायचे, तिचे चुकले की तिथेच सुनवायचे, आणि नापास झालेल्यांची नावे फलकावर लावायची, ही पद्धत मी एका मोठ्या रुग्णालयात सुरुवातीच्या काळात पाहिली. त्याचा परिणाम असा झाला की चाचणीच्या दिवशी ज्यांना जमत होते त्याच पुढे येत आणि ज्यांना सरावाची खरी गरज होती त्या रजा टाकत. खऱ्या प्रसंगीही नव्या मुली मागे राहत, कारण चुकल्यावर काय होते ते त्यांनी पाहिलेले होते. मोजमाप हवेच, परंतु ते शिकण्यासाठी आहे हे वरिष्ठांच्या वागण्यातून दिसले पाहिजे. यंत्राचा आकडा त्या मुलीला आणि तिच्या प्रशिक्षिकेला दिसावा. बाकीच्यांना तो कळण्याची गरज नाही.

तसेच प्रसंग संपल्यावर दहा मिनिटे बसून बोलण्याची पद्धत असावी. रुग्ण गेला असेल तर दाब देणारीच्या मनात ‘माझे काही चुकले का’ हा प्रश्न घर करून राहतो. नोंदी समोर ठेवून काय चांगले झाले, कुठे खंड पडला हे शांतपणे बोलले गेले, तर तिला उत्तर मिळते आणि पुढच्या वेळी ती मागे सरत नाही. चांगला सीपीआर देऊनही अनेक रुग्ण वाचत नाहीत, हे तिला कोणीतरी समोर बसून सांगायला हवे.

आणि हृदय बंद पडण्याआधीचे तास विसरू नका. कित्येक रुग्णांत श्वासाचा वेग, नाडी, रक्तदाब आणि शुद्धी ही लक्षणे आधीच बदलू लागलेली असतात. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये यासाठी गुण मोजण्याची पद्धत दिली. त्यातला श्वासाचा वेग आपण पूर्ण मिनिटभर न मोजता अंदाजाने लिहितो, आणि सर्वांत आधीची सूचना तिथेच हातची जाते.

रात्रपाळी

मेट्रन मॅडम, नावांच्या फलकाबद्दल लिहिलेत ते वाचून बरे वाटले. ताई, आता मला प्रत्यक्षात काय करायचे ते हवे आहे. आमच्याकडे आकडे दाखवणारा मॅनिकिन नाही, आणि पूर्ण दिवसाच्या प्रशिक्षणासाठी कोणाला सोडता येत नाही.

शुश्रूषाशिक्षिका

पूर्ण दिवस लागतही नाही. थोडा थोडा पण वारंवार केलेला सराव वर्षातून एकदा केलेल्या लांबलचक सरावापेक्षा हात अधिक टिकवतो, असे पुष्कळ अभ्यासांत दिसले आहे. मॅनिकिन वर्गाच्या कपाटात न ठेवता वॉर्डात आणा. पाळी बदलताना दोघी दोघींनी २ मिनिटे दाब, हातबदल आणि पुन्हा २ मिनिटे, एवढे करा. प्रत्येकीचा हात दर तीन महिन्यांनी एकदा तरी मॅनिकिनला लागेल, अशी यादी इनचार्ज सिस्टरने ठेवावी. मॅनिकिन रिकाम्या खाटेवर, तुमच्याच गादीवर ठेवा, आणि मदतीला तिसरी कोणी नाही असे धरून करा. तुझ्या दोघींच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच शोधावे लागेल. एकीने दाब चालू ठेवून ओरडून मदत मागायची आणि दुसरीने थेट डीफिब्रिलेटर आणायचा, हा क्रम बहुतेक ठिकाणी योग्य बसतो.

आकडे दाखवणारा मॅनिकिन नसेल, तर पुरेशी खोली गाठल्यावर खटका वाजणारा साधा मॅनिकिनही चालतो. फोनवरचा मेट्रोनोम (ठरावीक वेगाने ठेका देणारे साधन) मिनिटाला ११० वर लावा. मात्र मेट्रोनोम वेग सांगतो, खोली सांगत नाही. ठेक्यामागे धावताना दाब उथळ होतात, तेव्हा दुसरीने खटक्याकडे कान ठेवायचा आणि खाली वाकून टाच छातीवरून हलकी होते का ते पाहायचे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१९ पासून आपल्या प्रौढांच्या सीपीआर अभ्यासक्रमांत खोली आणि वेग दाखवणारी उपकरणे अनिवार्य केली आहेत, त्यामुळे प्रशासनाकडे मागणी करताना त्याचा आधार देता येईल. सगळ्या विभागांत मिळून एक मॅनिकिन फिरता ठेवला, तरी चालण्यासारखे आहे.

भूलतज्ज्ञ

यात एक भर घालतो. महिन्यातून एकदा तरी त्या दोघींच्या सरावात त्या पाळीवरच्या निवासी डॉक्टरला तिसरा म्हणून मध्येच आत पाठवा. तो आल्याबरोबर सगळे दाब थांबवून त्याच्याकडे पाहतात, हा खंड मी नेहमी पाहतो. डॉक्टर आल्यावर दाब चालू ठेवूनच एकीने माहिती सांगायची, हे दोन्ही बाजूंनी शिकायचे आहे.

रात्रपाळी

हे पुढच्या पाळीच्या बैठकीत मांडते. आमच्या इनचार्ज सिस्टर तयार होतील असे वाटते. तिमाहीच्या नोंदीसाठी तक्ता कसा असावा, ते कोणी सांगेल का?

शुश्रूषाशिक्षिका

तक्ता छोटा ठेव. तारीख, पहिला दाब सुरू होईपर्यंतचे सेकंद, सर्वांत लांब खंडाचे सेकंद, खोली पुरली का, छाती पूर्ण वर आली का, आणि शॉक देण्याची तयारी किती वेळात झाली. नावाऐवजी क्रमांक लिही, आणि कोणता क्रमांक कोणाचा ते फक्त इनचार्ज सिस्टरकडे असू दे. पहिल्या तिमाहीचे आकडे इथे टाकलेस, तर कुठे भर द्यायचा ते आपण मिळून पाहू.